मिना मिनाचं मीठ : डोरोथी नापांगार्डी यांची चित्रं कशी पाहायची

प्रश्न थोडक्यात असा आहे : ठाण्यात डॉट मंडलाचे वर्ग घेणाऱ्या एका बाईंनी डोरोथी नापांगार्डी या ऑस्ट्रेलियन आदिवासी चित्रकर्तीचं काळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचं एक चित्र पाहिलं. त्यातल्या चिन्हांचा अर्थ काय, डोरोथी कोण होत्या, आणि ही शैली वर्गात शिकवता येईल का, असं त्यांनी विचारलं आहे. मी चित्रसंवर्धनाचं काम करते, म्हणजे चित्रं दुरुस्त करणं, जपणं, प्रवासाला तयार करणं. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून आलेले बरेच कॅनव्हास माझ्या टेबलावरून गेले आहेत. त्या अनुभवावरून सांगते.

चिन्हांचा अर्थ विचारलात, पण तुम्ही पाहिलेल्या चित्रात चिन्हं जवळपास नाहीतच. मध्य ऑस्ट्रेलियाच्या चित्रांची जी वर्णमाला इंटरनेटवर फिरते, म्हणजे इंग्रजी 'यू'सारखी खूण म्हणजे बसलेलं माणूस, एकात एक वर्तुळं म्हणजे पाणवठा किंवा मुक्काम, 'यू'शेजारची उभी रेघ म्हणजे बाईची खणायची काठी, ती खोटी नाही. वाळूत बसून उठलं की तसाच ठसा राहतो. वार्लपिरी (डोरोथींचा आदिवासी समाज) बायका पिढ्यान्‌पिढ्या वाळूवर बोटांनी अशा खुणा काढून मुलांना गोष्टी सांगत आल्या आहेत. पण डोरोथींनी 1997 च्या सुमारास ही वर्णमालाच बाजूला ठेवली. उरल्या त्या फक्त ठिपक्यांच्या रेघा : कुठे दाट, कुठे विरळ, कुठे जाळी धरणाऱ्या, कुठे एकदम वाकून दुसरीकडे निघून जाणाऱ्या. म्हणून 'कोष्टकात बघून अर्थ लावा' ही पद्धत इथे चालत नाही. ही चित्रं कळायला आधी जागा ठाऊक असावी लागते, आणि त्या जागेवर कुणाचा हक्क आहे तेही.

जागेचं नाव मिना मिना. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी नावाच्या प्रदेशात तनामी वाळवंट आहे. त्यातलं युएंदुमू हे वार्लपिरींचं सर्वांत मोठं गाव ॲलिस स्प्रिंग्ज शहराच्या वायव्येला सुमारे 290 किलोमीटरवर आहे. तिथून आणखी पश्चिमेला, पार पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या हद्दीकडे गेलं की मिना मिना लागतं. तिथे जमिनीखालून पाणी झिरपणारे झरे आहेत आणि एक सपाट मातीचं पात्र आहे. पाऊस पडला की ते भरतं, आटलं की वर मिठाची कवचं धरतात. पांढऱ्या पापुद्र्याला भेगा पडतात, कडा वर येतात, वाऱ्याने नक्षी बदलते. डोरोथींच्या पांढऱ्या ठिपक्यांत हे मीठ आहे. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या चित्राचं नावही 'मिना मिनावरचं मीठ' असंच आहे.

पण मीठ हा त्यातला एक थर झाला. वार्लपिरी माणसासाठी कुठल्याही जागेला जुकुर्पा असते : ती जागा घडली कशी, तिथे कुणी काय केलं, आणि म्हणून आज तिथे कसं वागायचं, हे सगळं तिच्यात येतं. ती संपून गेलेल्या काळाची दंतकथा नाही. कायदा, नातेसंबंध, भूगोल आणि गाणी असं सगळं एकत्र बांधलेलं ते ज्ञान आहे. मिना मिनाची जुकुर्पा बायकांची आहे. तिथे जमिनीतून खणायच्या काठ्या आपोआप वर आल्या. पूर्वज बायकांच्या मोठ्या मेळ्याने त्या उचलल्या आणि नाचत, गात, वाटेत अन्न गोळा करत त्या पूर्वेकडे निघाल्या. जिथे काठ्या उगवल्या तिथे आज वाळवंटी ओकची झाडं उभी आहेत. नाव ओकचं असलं तरी हे झाड आपल्या कोकण किनाऱ्यावर लावतात त्या सुरूच्या कुळातलं. त्या झाडांवर ङल्यिपी नावाची वेल चढते. ती आपल्या गुळवेलीची सख्खी भावंड, एकाच वनस्पती-प्रजातीगटातली. बायका तिच्या दोरीने लाकडी परात खांद्याला अडकवतात आणि डोकं दुखलं की तीच कपाळाला गुंडाळतात. जमिनीखाली वाढणारी एक अळंबीही या कथेत येते. बायका ती खणून काढत पुढे जातात.

आता चित्राकडे परत बघा. ठिपक्यांच्या त्या रांगा म्हणजे नाचत गेलेल्या बायकांची चाल. एका पावलामागे दुसरं, एका रांगेशेजारी दुसरी रांग, मधे वळण, मधे एकदम गर्दी. हा विमानातून दिसणारा नकाशा आहे असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. मला ते अर्धंच पटतं. जागा ओळखीची आहे हे खरं, पण नकाशात चालणारा माणूस नसतो. इथे चालणंच काढलेलं आहे आणि जमीन त्यातून आपोआप उमटते.

हक्काचं म्हणाल तर इथेच बाहेरच्या माणसाची गाडी अडते. नापांगार्डी हे आडनाव नाही. वार्लपिरी समाजात आठ नातेगट आहेत आणि प्रत्येकाचं बायकांचं व पुरुषांचं रूप वेगळं : बायकांची नावं 'न'ने सुरू होतात, पुरुषांची 'ज'ने. वडील जापानांगका असतील तर मुलगी नापांगार्डी आणि मुलगा जापांगार्डी. डोरोथींचे वडील होते पॅडी लुईस जापानांगका. मिना मिना ही नापांगार्डी-नापानांगका बायकांची आणि त्यांच्या भावांची जागा, म्हणून ती रंगवण्याचा हक्क डोरोथींना वडिलांकडून आला. अशा वारसाला 'किर्दा' म्हणतात. पण एकट्या वारसाच्या हाती सगळं नसतं. आईकडून त्या जागेशी नातं असलेले लोक 'कुर्दुंगुर्लू' असतात. विधी नीट होतोय ना, अंगावरची नक्षी बरोबर काढली ना, हे बघणं, चुकलं तर टोकणं आणि गरज पडली तर थांबवणं हे त्यांचं काम. एकाच्या मालकीवर दुसऱ्याची देखरेख, अशी ही व्यवस्था आहे. म्हणजे या चित्रकर्तीने मनात आलं म्हणून एखादं दुसरंच स्थळ रंगवायला घेतलं असतं, तर ते चाललं नसतं. आपल्याकडे वारली लग्नात चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा असतो आणि तो कुणीही उठून लिहीत नाही. हक्काची ती जाणीव इथे अख्ख्या भूमीला लागू आहे असं समजा. (वारली आणि वार्लपिरी या नावांत दिसतं त्यापलीकडे काही नातं नाही. हा प्रश्न मला दर वेळी येतो, म्हणून आधीच सांगून टाकते.)

डोरोथींचा जन्म 1950 च्या दशकाच्या सुरुवातीचा. नक्की तारीख नाही, आणि त्या पिढीतल्या वाळवंटातल्या माणसांची सहसा नसतेच. लहानपण मिना मिनाच्या परिसरात गेलं : झऱ्यावर मुक्काम, घोरपडीची शिकार, बायकांबरोबर कंदमुळं आणि फळं गोळा करणं. हे जग तेव्हाही काही अलिप्त राहिलेलं नव्हतं. 1928 मध्ये एका गोऱ्या माणसाचा खून झाल्यावर पोलीस कॉन्स्टेबल जॉर्ज मरे याच्या तुकडीने कोनिस्टन भागात सूड म्हणून वार्लपिरी आणि शेजारच्या जमातींची माणसं मारली. सरकारी आकडा 31 आहे. वाचलेल्यांच्या घराण्यांत सांगितला जातो तो याच्या दुपटीहून मोठा. पुष्कळ कुटुंबं त्या वेळी आपली भूमी सोडून पांगली. पुढे 1946 मध्ये सरकारने युएंदुमू ही वसाहत काढली, शिधा देऊन लोकांना तिथे गोळा केलं, आणि 'सामावून घेण्याच्या' धोरणाखाली फिरती कुटुंबं एका जागी बसवली. डोरोथींचं कुटुंबही तसंच युएंदुमूला आलं. मिना मिना शेकडो किलोमीटर मागे राहिलं, आणि तिथे जायचं तर गाडी लागणार.

गाडीचं म्हणते आहे ते उगाच नाही. वाळवंटी कॅनव्हासची सुरुवात 1971 मध्ये पापुन्या या वसाहतीत पुरुषांनी केली. युएंदुमूत 1983-84 मध्ये ज्येष्ठ पुरुषांनी शाळेच्या 30 दारांवर आपापल्या जुकुर्पा रंगवल्या, आणि त्याची चर्चा खूप झाली. त्याच सुमारास तिथल्या बायकाही लहान फळ्यांवर रंगवून विकू लागल्या होत्या. पैसे कशाला हवे होते? टोयोटा घ्यायला, म्हणजे दूरच्या पवित्र जागांवर जाऊन विधी करता येतील. कलेचा बाजार त्या बायकांनी आधी अशा कामासाठी वापरला. बायकांच्या विधींना यावुल्यू म्हणतात. त्यात छातीवर आणि दंडांवर गेरू-चुन्यासारख्या मातीने पट्टे ओढतात, गातात, नाचतात. 1985 मध्ये युएंदुमूत वार्लुकुर्लांगू हे कलाकारांच्या मालकीचं केंद्र उभं राहिलं ते याच हालचालीतून. आणि त्या चित्रांत सुरुवातीपासून बायकांचा हात भक्कम होता.

डोरोथी मात्र त्या केंद्रात घडल्या नाहीत. त्या ॲलिस स्प्रिंग्जला राहायला गेल्या आणि 1987 मध्ये तिथे रंगवू लागल्या. नात्यातल्या युनिस नापांगार्डी आधीपासून रंगवत होत्या, त्यांनी प्रोत्साहन दिलं. पहिली दहा वर्षं डोरोथींनी रानकेळं, रानातलं आलुबुखारासारखं फळ अशा खाद्य वनस्पती काढल्या : वेलांची वळणं, पानं, फुलं, आणि भरपूर रंग. ती चित्रं देखणी आहेत, विकलीही जायची, पुरस्कारही मिळाला. पण तेवढ्यावर त्या थांबल्या असत्या तर आज मी हे उत्तर लिहीत बसले नसते. तशी चांगली चित्रं काढणारे त्या शहरात आणखीही होते.

मग 1997 च्या आसपास वळण आलं. वनस्पती गेल्या, रंग गेले, आणि मिना मिना आली. हा बदल कशामुळे झाला याची उत्तरं लोक आपापल्या सोयीने देतात. गॅलरीतलं कुणी म्हणतं, काळं-पांढरं आधुनिक घरांत शोभतं. समीक्षक अमेरिकेच्या मिनिमलिस्ट चित्रकारांची आठवण काढतात. भिंतीवर शेजारी टांगून बघायला ती तुलना ठीक आहे, पण ती मंडळी विषयच काढून टाकायला निघाली होती. डोरोथींनी उलट केलं : विषय इतका जवळ घेतला की चिन्हांची गरज पडेना. बायका कुठे बसल्या, काठ्या कुठे ठेवल्या, हे एकेक करून सांगायचं असेल तर चिन्ह लागतं. त्या कशा चालल्या हे दाखवायला नुसती लय पुरते. आणि दुसरं, चिन्हं काढून टाकली की बाहेरच्याला काय दाखवायचं आणि काय नाही, हा या चित्रकारांपुढचा जुना प्रश्नही सैल होतो. जाणणारा जाणतो. इतरांना मीठ दिसतं.

2001 मध्ये 'मिना मिनावरचं मीठ' या चित्राला ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय आदिवासी कला पुरस्कार मिळाला. टेलस्ट्रा पुरस्कार म्हणतात तोच, डार्विनच्या संग्रहालयातर्फे दिला जातो. पहिल्या पुरस्काराचं चित्र संग्रहालयाकडेच राहतं. लगोलग 2002-03 मध्ये सिडनीच्या समकालीन कला संग्रहालयाने त्यांचं एकल प्रदर्शन भरवलं. आदिवासी बाईची चित्रं वस्तुसंग्रहालयाच्या मानववंश विभागात न ठेवता समकालीन कलेच्या दालनात, एकट्या तिच्या नावाने लावली गेली, याचं महत्त्व तिथल्या लोकांना सांगावं लागत नाही. 2012 च्या सिडनी द्वैवार्षिकातही, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनातही, त्यांचं काम होतं. पुढच्याच वर्षी, 2013 मध्ये, मोटार अपघातात त्या गेल्या. वार्लपिरींत मृताचं नाव काही काळ उच्चारत नाहीत, त्या नावाच्या जिवंत माणसालाही तेवढे दिवस 'कुमंजाई' म्हणतात. संग्रहालयांच्या पानांवर मृतांच्या नावांबद्दल आणि छायाचित्रांबद्दल सूचना दिसते, ती यासाठी. डोरोथींचं नाव आता उघडपणे लिहिलं जातं, म्हणून मीही लिहिलं.

आता माझ्या कामाची बाजू. हे कॅनव्हास इझलवर उभे करून रंगवलेले नसतात. ते जमिनीवर अंथरतात, चित्रकार कडेला बसतात, कधी कॅनव्हासवरच सरकत जातात आणि चहूबाजूंनी रंगवतात. त्यामुळे वर-खाली अशी एकच दिशा ठरलेली नसते. डोरोथींचे काही कॅनव्हास दोन मीटरहून लांब आहेत. आधी काळ्या रंगाचा थर, त्याच्यावर काडीच्या टोकाने एकेक ठिपका. तिरका प्रकाश टाकला की प्रत्येक ठिपक्याला काडी उचलताना आलेलं बारीक टोक दिसतं. काडी रंगात बुडवल्यावर पहिला ठिपका फुगीर येतो, पुढचे बारीक होत जातात, मग पुन्हा फुगीर. श्वासासारखं हे वर-खाली होणं छपाईत साफ नाहीसं होतं. रेघा मोजपट्टीने आखलेल्या नसतात. जाळी सरळ चाललेली वाटते आणि हातभर पुढे गेल्यावर हळूच झुकते. नकला ओळखायला मी पहिल्यांदा हेच बघते. नक्कल करणारा ठिपके सारखे काढायला जातो.

डोरोथींच्या चित्रांशेजारी ज्युडी वॉटसन नापांगार्डी यांची चित्रं जरूर पाहा. त्याही मिना मिनाच्या, त्याच जुकुर्पाच्या वारस, वयाने एका पिढीने मोठ्या, 2016 मध्ये वारल्या. त्या युएंदुमूच्या केंद्रात रंगवायच्या. त्यांची चित्रं गुलाबी, पिवळी, निळी, ठिपके ओढून लांबवलेले, ङल्यिपीच्या वेली कॅनव्हासभर नागमोडी सळसळणाऱ्या. एकीकडे शांत मीठ, दुसरीकडे नुसता कल्लोळ, आणि जागा तीच. 'परंपरा म्हणजे ठरलेला साचा' असं कुणी म्हणालं तर मी या दोघींची चित्रं त्याच्यापुढे ठेवते.

राहिला तुमच्या वर्गाचा प्रश्न. ठिपका कुणाच्या मालकीचा नाही. काडीने, इअरबडने, खिळ्याच्या डोक्याने ठिपके देऊन मंडल करायला शिकवा, त्यात गैर काहीच नाही. फक्त त्याला 'ऑस्ट्रेलियन आदिवासी कला' हे नाव देऊ नका. केंद्रातून भोवती पसरणारं समतोल मंडल ही त्यांची रचना नाहीच. डोरोथींचं चित्र समोर ठेवून त्याची नक्कल करून घेणं मला रुचणार नाही, आणि अशा नकला विकणं तर बेकायदेशीर आहे. ऑस्ट्रेलियात चित्रकाराच्या मृत्यूनंतर 70 वर्षं स्वामित्वहक्क चालतो. 1994 मध्ये तिथल्या न्यायालयात गालिच्यांचा खटला गाजला होता. व्हिएतनाममध्ये विणून आणलेल्या गालिच्यांवर आदिवासी चित्रकारांच्या रचना विनापरवाना उचलल्या होत्या. त्यांत यिर्काला गावच्या बांडुक मारिका यांचं पवित्र पाणवठ्याचं चित्र होतं, म्हणजे लोक ते पायाखाली तुडवणार होते. शिवाय अशा वेळी समाज चित्रकारालाच विचारतो, की तुझ्या ताब्यातली गोष्ट बाहेर गेली कशी? न्यायालयाने भरपाई ठरवताना ही सांस्कृतिक हानीसुद्धा धरली.

वर्गात काय करता येईल? चित्र मोठं करून पडद्यावर दाखवा, मिना मिनाची गोष्ट सांगा, नाव सांगा. मग मुलींना सांगा, की तुमच्या रोजच्या पायवाटेवरची चाल ठिपक्यांनी काढा : स्टेशनचा जिना, बाजारातली गर्दी, गावाकडचा बांध. चिन्हं वापरायची नाहीत, एवढीच अट. माझ्या मते डोरोथींकडून घ्यायचं ते हे.

ऑस्ट्रेलियातल्या कुणाकडून खरं चित्र मागवायचा विचार असेल तर विमानतळावरच्या स्वस्त वस्तू टाळा. युएंदुमूच्या केंद्रातून छोटे कॅनव्हास परवडणाऱ्या किमतीत मिळतात, सोबत चित्रकाराचं नाव आणि जुकुर्पा लिहिलेलं प्रमाणपत्र येतं, आणि पैसा गावात जातो. डोरोथींची चित्रं आता पुनर्विक्रीतच मिळतात. तिथे पहिल्या गॅलरीचे कागद मागा. ऑस्ट्रेलियात 2010 पासून 1,000 डॉलर किंवा त्याहून महाग पुनर्विक्रीवर 5 टक्के रक्कम चित्रकाराला किंवा वारसांना द्यावी लागते. विक्रेता त्याबद्दल काय बोलतो यावरून पुष्कळ कळतं.

कॅनव्हास गुंडाळून आणायचा तर जाड नळीवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. आत ठेवली की ठिपके एकमेकांवर दाबले जातात. बबल रॅप रंगाला लागू देऊ नका, ॲक्रिलिकवर त्याच्या गोल चकत्या उमटतात आणि त्या काढता येत नाहीत. मधे सिलिकॉन लावलेला बटर पेपर घाला. ठाण्याच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, कारण मागून बुरशी धरते. धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटका. ओला फडका कधीच नको.